एकविसावा सभासद

ऑनलाइन बैठकीत क्लबचा इतिहास सांगता सांगता विवेक दुसऱ्या महायुद्धापर्यंत पोहोचला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आठवा चौकोन उघडला. त्यात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता. विवेकच्या गळ्यात होता तसाच हिरवा-पिवळा मफलर म्हाताऱ्याच्याही गळ्यात होता.

"सरप्राइज!" त्याचा साहेब डेक्लन ओरडला. "हे गुस्ताफ, खुद्द क्लबचे सेक्रेटरी! मीच मेल टाकून बोलावलं. पाच वर्षं हा गडी आम्हाला तुमचं कौतुक ऐकवतोय. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे."

आता आपलं बिंग फुटणार, हे विवेकला स्पष्ट दिसत होतं. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तो परदेशात, चेरीवूडच्या ऑफिसात रुजू झाला, तेव्हा हवामानानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असे, टीम कुठली? क्रिकेट म्हटलं की संभाषण जागीच मरायचं. मोठ्या क्लबचं नाव घेतलं की तोंडी परीक्षा सुरू व्हायची. मग त्याने पुणेरी डोकं लढवलं आणि पुढचा प्रश्न कुणालाच सुचणार नाही असा क्लब सांगून टाकला. बेल्जियममधला वेल्डेरोडे, चौथी डिव्हिजन. बायकोबरोबर, म्हणजे तन्वीबरोबर, बेल्जियम बघायला गेला असताना चुकीच्या गाडीत बसून तो त्या गावात उतरला होता. कान गारठले म्हणून मैदानावर मफलर घेतला होता. एवढीच काय ती निष्ठा.

पण ऑफिसला भरून आलं. इतक्या हरणाऱ्या क्लबवर इतकं प्रेम! बघता बघता विवेक ऑफिसातला फुटबॉलचा जाणकार ठरला. लोक त्याला मतं विचारायचे. तो उसासा टाकायचा, आणि तो उसासाही लोकांना अभ्यासपूर्ण वाटायचा.

मग लॉकडाऊन आला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. डेक्लनने शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत 'माझ्या क्लबचा इतिहास' सुरू केला, आणि नोव्हेंबरात विवेकची पाळी आली. तीन आठवडे त्याने क्लबची वेबसाइट भाषांतर करून करून वाचली. साखर कारखान्याच्या कामगारांनी क्लब काढला. युद्धातल्या एका हिवाळ्यात गावाने गोलपोस्ट चुलीत घातले आणि युद्ध संपल्यावर घराघरातून एकेक फळी परत आणून दिली. ते वाचताना विवेकच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. तन्वीला त्याने कांद्याचं कारण सांगितलं. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

गुस्ताफने एक जुनी वही कॅमेऱ्यापुढे धरली. "हे अक्षर तुमचं?"

विवेकचंच होतं. पूर्ण नाव, टॅलातल्या तेव्हाच्या घराचा पत्ता, फ्लॅट नंबर आणि खाली मराठीत एक ओळ. वडिलांनी वळणच तसं लावलं होतं. प्रदर्शन असो की सहकारी भांडार, वही उघडी दिसली की अभिप्राय लिहायचा, तोही पत्त्यासकट.

"मला वाटलं, अभिप्रायाची वही आहे," तो पुटपुटला.

"सभासदांचं रजिस्टर आहे," गुस्ताफ म्हणाला. "शेजारचा मोठा क्लब आम्हाला विलीन करून घेतोय. आमच्याकडे प्रत्येक क्लबला नोंदणीचा क्रमांक असतो. आमचा चारशे बारा. विलीन झालो की तो कायमचा पुसला जाईल. सभासद एकवीस. मतं पडली दहा आणि दहा. तुम्हाला दोन पत्रं पाठवली."

"आम्ही ते घर सोडून नासला राहायला आलो."

"आज सहापर्यंत मुदत आहे. बोला."

'विरोधात' एवढा एक शब्द बोलला असता तर विवेक जन्मभराचा हिरो झाला असता. स्वयंपाकघराच्या दारातून तन्वी त्याच्याकडे बघत होती. त्याने मफलर काढून टेबलावर ठेवला.

"सर, मी सगळ्यांशी खोटं बोललो. मला ऑफसाइड म्हणजे काय तेही कळत नाही. कान गार पडले होते, म्हणून मफलर घेतला. माझ्या मतावर क्लब सोडू नका."

"ठाऊक आहे," गुस्ताफ शांतपणे म्हणाला. "मफलर मीच विकला. तुम्ही मला विचारलं होतंत, गोलपोस्टपुढच्या त्या एकट्यालाच चेंडूला हात का लावू देतात. फुटबॉल कळणाऱ्या वीस जणांनी दहा-दहा करून ठेवलंय, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

डेक्लन हसता हसता खुर्चीसकट पडद्याबाहेर गेला. धरणीने पोटात घ्यावं, असं विवेकला वाटलं. तेवढ्यात त्याला त्या फळ्या आठवल्या.

"विलीन होऊ नका," तो म्हणाला. "अख्ख्या गावाने फळी फळी आणून उभा केलेला क्लब आहे तो. क्रमांक ठेवा."

गुस्ताफने ते लिहून घेतलं. मग बोट त्या मराठी ओळीवर ठेवलं. "आता याचा अर्थ सांगा. पाच वर्षं गाव वाद घालतंय. आमचे पाद्रीबाबा म्हणतात, प्रार्थना आहे."

विवेकने कपाळावरचा घाम पुसला. एकदा खरं बोलल्यावर आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. त्याने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. गुस्ताफ हसला नाही. त्याने तेही लिहून घेतलं.

पुढच्या जूनमध्ये मेलवर एक फोटो आला. मैदानाच्या कडेला क्लबच्या भिंतीवर नवाकोरा नळ होता. नळावर पितळी पाटी होती. पाटीवर क्रमांक होता, चारशे बारा, आणि त्याखाली, एकही काना-मात्रा न चुकवता, विवेकच्याच अक्षरात कोरलेलं होतं: 'उपक्रम स्तुत्य. पिण्याच्या पाण्याची सोय हवी.'