गंधारच्या खणातली फळी

सदानंदने फळी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवली आणि तिच्यात कुठेतरी 'टिक' झालं.

त्याने मोबाइलचा टॉर्च फळीमागे धरला. खालच्या कडेपासून वीतभर वर उजेडाची रेघ दिसली. केसाएवढी. टॉर्च बंद केला की काहीच नाही.

गिटारचा सगळा जीव या वरच्या फळीत. तारा ताणल्या की ओढ तिच्यावरच येते. चिरलेली फळी आज ना उद्या उघडणार, आणि दोह्याच्या कोरड्या एसीत तर लवकरच.

त्याने ती आपल्या खणात परत ठेवली आणि शेजारच्या खणाकडे पाहिलं. तिथे गंधारची फळी होती. एकाच खोडाची, एकाच मापाची, तशीच पिवळसर. वर्कशॉप राजाभाऊंचं, अल रय्यानमध्ये. शुक्रवारी काम बंद असे, तेव्हा ते या दोघांना तिथे गिटार बनवू देत. फळीवर पेन्सिल टेकवायची नाही, हा त्यांचा नियम. पॉलिशखालून खूण दिसते म्हणायचे. त्यामुळे नावं खणांवर चिकटवलेली होती, फळ्यांवर नाही.

गंधार आयटीतला, एकटाच, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. सदानंदच्या गार्गीला तो गिटार शिकवायचा. तेव्हापासून घरात जेवताना त्याचंच नाव. गंधारकाका असं म्हणाले, गंधारकाकांनी तसं वाजवलं. मेसईदच्या कारखान्यातून बसने थकून आलेल्या बापाला पोरगी मान वर न करता "हाय बाबा" म्हणायची, आणि गंधारची बेल वाजली की दाराकडे धावायची.

म्हणून तर सदानंदने गिटार बनवायला घेतली. आठवडाभरात गंधारनेही घेतली.

"मंडळाच्या प्रोग्रॅमला मी एकच नेणार," गार्गीने जाहीर केलं होतं. "जी बेस्ट वाजेल ती. नो चीटिंग!"

सगळे हसले होते. सदानंदही.

पुढच्या शुक्रवारी तो तासभर आधीच येऊन उभा राहिला.

"काय हो, उजाडायच्या आत?" राजाभाऊ कुलूप काढत म्हणाले. "तुम्हा दोघांना वेड लागलंय. गंधारभाऊ मंगळवारी येऊन गेले. नुसते फळ्या बघत बसले होते."

"मंगळवारीसुद्धा?"

"तर! थांबा, चहा टाकतो."

मंगळवारीसुद्धा. सदानंदची कानशिलं तापली. ना बायको, ना पोर, ना शिफ्ट. याला वेळच वेळ.

राजाभाऊ आत वळले. सदानंदने आपल्या खणातली फळी ओढून गंधारच्या खणात सरकवली आणि त्याची आपल्या खणात. आत कप वाजले, तेव्हा तो रंधा पुसत उभा होता.

गंधार दहाला आला. खणातली फळी काढून त्याने खिडकीशी धरली. उलटी केली, पुन्हा धरली. मग तो सदानंदकडे बघत राहिला.

सदानंदचा हात थांबला. "काय झालं?"

"कुठे काय." थोड्या वेळाने गंधार म्हणाला, "दादा, आतून आधाराच्या पट्ट्या जरा जास्तच लावा हं. तुमच्या फळीला लागतील."

दादा? इतके दिवस सदानंदराव होतं. आणि वर ही शिकवणी!

"तू तुझं बघ की. अठरा वर्षं मशिनं सांभाळतोय मी, पट्ट्या कळतात मला."

"ते दिसलंच," गंधार हसला.

सदानंदने नकाशात होत्या तेवढ्याच पट्ट्या लावल्या, एकही जास्त नाही. फळीमागे पुन्हा टॉर्चही धरला नाही. चांगल्या फळीला कशाला धरायचा?

त्यानंतर तीन महिने गंधार त्याच्याशी भलताच गोड वागला. त्याच्यासाठी खजूर आणायचा, त्याचा भुसा झाडायचा, चहाचा पहिला कप त्याच्यापुढे ठेवायचा. सदानंद "शुक्रन" म्हणून कप घ्यायचा आणि मनात म्हणायचा, कर किती नाटकं करायची ती. बसमध्ये डोळे मिटले की गंधारची गिटार मधोमध उघडताना त्याला दिसायची. त्याला बरं वाटायचं.

प्रोग्रॅमच्या आदल्या शुक्रवारी दोघांनी तारा चढवल्या. गार्गी मुद्दाम आली होती.

आधी गंधारची. गार्गी वाजवत होती आणि सदानंद फळीच्या खालच्या कडेवर डोळे लावून बसला होता. सूर स्वच्छ निघत होते. कड जशीच्या तशी.

"वॉव, काका!"

अजून एसी लागायचाय तिला, सदानंद मनात म्हणाला. दम धर.

"आता बाबांची." गार्गीने ती मांडीवर घेतली, अगदी जपून. "बाबा, ही लुक्स सो प्रिटी."

ती एकेक तार सुरात लावत गेली. शेवटची बारीक तार राहिली. तिने खुंटी अर्धा वेढा पिळली.

टक्क.

वाळलेली शेंग तडकावी तसा आवाज. फळी खालच्या कडेपासून वर चिरत गेली होती. वीतभर. ती जागा सदानंदच्या ओळखीची होती.

"असं कसं होईल?" तो पुटपुटला. "ही तर चांगली..."

गार्गीचे डोळे भरले. गंधार तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"रडू नकोस गं. तुझ्या बाबांची फळी चिरलेली आहे, हे मला एका मंगळवारी दिसलं. तू त्यांचीच गिटार न्यावीस, असं फार वाटायचं त्यांना. म्हणून मी माझी चांगली फळी गुपचूप त्यांच्या खणात ठेवली आणि चिरलेली मी घेतली." गंधारने सदानंदकडे पाहिलं. त्याचेही डोळे ओले होते. "तर शुक्रवारी माझ्या आधी येऊन यांनी ती चांगली फळी मला परत केली. कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत."