तिसऱ्या पानावरचा भाव

"आता तुमची सही तेवढी राहिली," साहेब म्हणाले आणि टोपण काढलेलं पेन त्यांनी तिच्यापुढे सरकवलं.

संस्थांचे आणि श्रीमंतांचे पैसे गुंतवणाऱ्या त्या हेज फंडात तिच्या सहीशिवाय पानही हलत नसे. कुठल्या व्यवहारात किती जोखीम आहे हे तपासणं तिचं काम. ताकही फुंकून पिणारी बाई, म्हणून ऑफिसातले सगळे पाठीमागे तिला सासूबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

टेबलापलीकडे मेट्रनबाई बसल्या होत्या. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, आता नर्सांच्या पेन्शनचा कारभार त्या बघत. चार हजार नर्सांच्या म्हातारपणाची पुंजी आज या फंडात यायची होती. बाराच्या आत कागद बँकेत पोचले पाहिजेत, असं साहेब दोनदा बोलून गेले होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

मेट्रनबाईंना घाई नव्हती. कमाईच्या तक्त्यावरून त्या बोट फिरवत होत्या.

"चौऱ्याऐंशी महिने," साहेब म्हणाले. "एकही महिना तोट्याचा नाही."

"कसं काय जमतं हो?"

"छोट्या कंपन्यांना दिलेली कर्जं आम्ही बँकांकडून विकत घेतो. व्याज येत राहतं. बाजार वरखाली होतो, आमचे भाव हलत नाहीत. भाव हलत नाहीत म्हणजे जोखीम कमी. म्हणून तर बँक आम्हाला एकावर दोन उसने देते आणि कमाई तिप्पट होते."

"आणि भाव ठरवतं कोण?"

याचं उत्तर तिनेच दिलं, कारण तो नियम तिचा होता. "बाहेरचा दलाल. दर शुक्रवारी सकाळी तो आकडे पाठवतो. आमच्यातल्या कुणी त्यात बोटही घालायचं नाही. ते मी माझ्या अहवालात घेते, आणि अहवाल गुरुवारी संबंधित सगळ्यांना जातो. लपवाछपवी मला चालत नाही."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "असा तक्ता मी पाहिलाय. वॉर्डात. दर चार तासांनी ताप, सगळे आकडे एका रेषेत. नवीन मुली पेशंटला न उठवताच मागचा आकडा पुढे लिहून मोकळ्या व्हायच्या."

साहेब मोठ्याने हसले. तिला मात्र हसू आलं नाही. तिच्या कामावर असं बोट कुणी ठेवलं नव्हतं. तिला रागच आला.

"दोन मिनिटांत तुमची शंका फेडते," ती म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर आली.

झेरॉक्स मशीनपाशी उभं राहून तिने दलालाला फोन लावला. सात वर्षांत त्याच्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. आजवर दोघांत फक्त मेल.

"आमच्या कर्जांचा भाव शंभराला अठ्ठ्याण्णव लावता तुम्ही. शेवटचा सौदा कधीचा आहे?"

"सौदा?" दलाल गोंधळला. "बाई, तुम्ही घेतल्यापासून ही कर्जं कुणी घेतली नाहीत की विकली नाहीत."

"मग अठ्ठ्याण्णव आले कुठून?"

"तुमचा अहवाल येतो ना गुरुवारी. तिसऱ्या पानावर भाव असतात, तेच शुक्रवारी पाठवतो. तुमच्यासारख्या कडक बाईचा आकडा चुकायचा कसा, म्हटलं."

तिने मशीनवर हात टेकला. त्याला अहवाल पाठवायचं तिनेच ठरवलं होतं. सगळं उघड असावं म्हणून.

"आणि आज खरोखर विकायला काढली तर?"

"शंभराला साठ. तेही गिऱ्हाईक मिळालं तर."

हिशेबाला कागद लागला नाही. एकावर दोन उसने. साठाच्या भावाने सगळं विकलं तरी बँकेचं पुरतं फिटत नव्हतं. फंडाच्या मालकीचं काही उरलंच नव्हतं. आणि तिसऱ्यांदा उसनं वाढवायला परवानगी देताना तिनेच लिहिलं होतं, 'भाव स्थिर, जोखीम अल्प.'

साहेब तिच्या मागेच येऊन उभे होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं की आत्ता कळलं, ते तिला कधीच समजलं नाही.

"झाकली मूठ आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आज उघडू नका. नर्सांचे पैसे येऊ द्यात, मग सावकाश निस्तरू. यात तुमचंही नाव आहे, विसरू नका."

ती विसरली नव्हती. तेच तर नाव पानोपानी होतं. सही केली असती तर निदान आजचा दिवस निभला असता, कदाचित वर्षही.

ती आत गेली. बाराला सात मिनिटं कमी होती. साहेबांनी पेन उचलून तिच्या हातात दिलं. तिने त्याला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

"काय म्हणाला दलाल?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"पैसे इथे देऊ नका, बाई. सात वर्षांत पेशंटला कुणी हात लावलेला नाही. तक्ता मीच भरत होते."