चौथी चिठ्ठी

चर्चमधल्या प्रार्थनापेटीत आलेली प्रत्येक चिठ्ठी उपासनेत जशीच्या तशी वाचायची आणि ‘आमेन’, म्हणजे ‘तसेच होवो’, वाचणाऱ्याने म्हणायचे, हा नियम मंडळीच्या चिटणीसांनीच घातला होता. तीन चिठ्ठ्या त्यांनी मधाळ आवाजात वाचल्या. चौथीवर बायकोचे अक्षर दिसले. ‘माझे पती इथे बोलतात तसेच घरीही हळुवार बोलोत.’ खाली नाव नव्हते. घरी तिने तोंड उघडले की ते खेकसून उठून जात. इथे व्यासपीठावरून पळायची सोय नव्हती. त्यांनी ती जशीच्या तशी वाचली. बायकांच्या बाकांवर खसखस पिकली, पुरुष खाकरले. ‘आमेन,’ चिटणीस पुटपुटले. घराचे दार लागताच त्यांचा आवाज छताला भिडला: “चारचौघांत अब्रू घालवलीस माझी!” बायकोने शांतपणे चपला काढल्या. “अहो, नाव कुठं होतं? आणि आमेन कोण म्हणालं?” पुढचा शब्द कोणत्या आवाजात काढावा, हे चिटणीसांना उमजेना.