तांबड्या ठिपक्याची ताटली

चाळीसच्या चाळीस जिवंत होते. राजनंदिनीने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा मोजले. शेजारच्या दोन ताटल्यांतले गोलकृमी काडीसारखे सरळ होऊन पडले होते. तारेने डिवचले तरी हलत नव्हते.

"दोन इसा पुरं हायती, ताई," मागून तात्याबा म्हणाला. तो सगळे विसांनीच मोजायचा.

१९९८ चा डिसेंबर होता. बारामतीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत राजनंदिनीचे पीएच.डी.चे काम चालले होते. काम सांगायला सोपे होते. जखमेत पू धरवणारे जिवाणूच या किड्यांना खायला घालायचे आणि कोण किती दिवस तगतो ते पाहायचे. साधे किडे तीन दिवसांत मरत. एका जनुकात बदल झालेले काही किडे तिने वेगळे काढले होते. ते तगले तर त्या जनुकाचा रोगाशी झुंजण्याशी संबंध आहे, असे म्हणता येणार होते. नाही तगले तर चार वर्षे पाण्यात.

त्या किड्यांच्या ताटलीवर तिने तांबड्या पेन्सिलीने ठिपका दिला होता. पहिल्याच दिवशी तिने तात्याबाला बजावले होते, "तात्या, ही आपली. बाकीच्या नुसत्या तुलनेला. हिला जपा."

तात्याबा प्रयोगशाळेचा शिपाई. गाव इंदापूर तालुक्यातले कळस. अर्धे आयुष्य त्याने मेंढरे राखली होती, स्वतःची आणि लोकांचीही. लोकरीतली गोचीड टिपून टिपून त्याचा हात इतका स्थिर झाला होता, की केसाएवढा किडा तारेच्या टोकावर उचलणे त्याला महिन्याभरात जमले. राजनंदिनी पिंपळीहून दहाला यायची, पाचला परतायची. सकाळी सहाची आणि रविवारची मोजणी तात्याबाकडे असे. तो कॉलेजच्या मागच्या खोलीतच राहायचा.

ऑफिसातले आबाजी क्लार्क त्याची टर उडवायचे. "तात्याबा, लोकर कधी कातरायची यांची?"

"लोकर न्हाय, पर कुनाच्या उसात बी शिरत न्हाईत. लोकाची मेंढरं राखली साहेब, एक शेपूट कमी भरलं न्हाय कदी."

"मग तुझी स्वतःची कुठं गेली?"

"संपली," एवढेच बोलून तात्याबा ताटल्या धुवायला घ्यायचा.

धुता धुताच एकदा त्याने राजनंदिनीला ते सांगितले. त्याला तीन मुले झाली. थोरला आठ महिन्यांचा असताना अंगावर फोड उठले, ताप चढला आणि तो दगावला. धाकटा वर्षाचा होऊन तसाच गेला. मधली मुलगी त्याच घरात, त्याच पाण्यावर वाढली आणि तिला कधी काही झाले नाही. गावाने त्याच्या बायकोला, म्हाळसाला बोल लावला, दूध नासके म्हणून. तीस वर्षे झाली. बारशाला तिला अजून कोणी बोलवत नव्हते.

"एकाच आईची लेकरं, ताई. येक जगतं, येक मरतं. ह्या किड्यात कळंल व्हय, का ते?"

"कळेल, तात्या," ती म्हणाली होती.

पुण्याच्या मार्गदर्शकांनी प्रयोग आणखी दोनदा करायला लावला. उत्तर तेच आले. संध्याकाळी मान टाकलेले तीन-चार किडे सकाळी पाहावे तर पुन्हा वळवळत असत. ते सावरतात, असे तिने वहीत लिहिले. साध्या किड्यांची बेण्यासाठी ठेवलेली ताटली मात्र लवकर विरळ व्हायची. थंडीने पैदास मंदावली असेल, असेही तिने लिहिले.

मार्चमध्ये तात्याबाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्याने दुखणे अंगावर काढले. पाय सुजला, पू झाला आणि विष अंगभर पसरले. आठव्या दिवशी तो गेला.

एप्रिलमध्ये निबंध स्वीकारल्याचे पत्र आले. पुढच्या आठवड्यात तिला तो परिषदेत वाचायचा होता. आपल्या किड्यांच्या वाणाला तिने 'तात्या' असे नाव दिले होते. पत्र पिशवीत घालून ती कळसला गेली.

म्हाळसा ओसरीवर घोंगडीवर बसली होती. राजनंदिनीने तिला सावकाश समजावले. रोगाशी झुंजायचे बळ जीव जन्मतानाच घेऊन येतो. एकाच घरात एकाला ते जास्त मिळते, एकाला कमी. ते कोणाच्या हातात नसते. तात्याने राखलेल्या किड्यांनी हे दाखवून दिले आहे.

"म्हंजी माजं दूध नासकं नव्हतं?"

"नव्हतं, मावशी."

माणसांत हे अजून तपासायचे होते. राजनंदिनी तेवढे बोलली नाही.

म्हाळसा बराच वेळ पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून तिने राजनंदिनीचा हात आपल्या हातात घेतला.

"धन्यांनी लई जपली बग तुजी ताटली. लोकाचं राखायला घिटलं की त्येंचं तसंच. लोकाचं मेंढरू मेलं की आपल्यातलं येक काढायचं, त्येला लोकाच्यावानी तांबडा ठिपका द्यायचा आन् त्येंच्यात सोडायचं. आमचा कळप तसाच संपला. तुज्यातलं बी रोज मरायचं म्हनं. पर तू यायच्या आदी बेन्यातलं उचलून दोन इसा पुरं करून ठिवायचं."