उंदरांना हमाल नसतो

सरांनी उंदराच्या मानेवर पेन्सिल आडवी दाबली, शेपटी धरून एक हिसका दिला आणि म्हणाले, "पुढचा."

या खोलीत 'मारणे' हा शब्द चालत नसे. इथे उंदीर मोकळे केले जात.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी मोकळे झालेले उंदीर उभे चिरून हृदयाजवळची धमनी काढून घेत होती. केस पिकायला लागले तरी माणूस विद्यार्थी राहू शकतो, ही या क्षेत्राची खासियत.

"सर, एक सांगू?"

"हात चालू ठेव आणि सांग."

"उंदरांच्या रक्तात हमाल नसतो."

हमाल हे लाडाचं नाव. रक्तात एक प्रथिन असतं. ते चांगल्या कणांतलं कोलेस्टेरॉल उचलून वाईट कणांत नेऊन टाकतं आणि धमन्यांच्या भिंतींवर मेदाचे थर चढायला हातभार लावतं. सरांचं औषध या हमालाला अडवणार होतं. कित्येक वर्षं ते उंदरांना पाजणं चालू होतं. फरक पडेना म्हणून डोस वाढवला. उंदरांची यकृतं सुजली. आणखी वाढवला, तेव्हा ते पिंजऱ्यात एकमेकांचे कान कुरतडून खाऊ लागले. धमन्यांतले थर मात्र जसेच्या तसे.

"नसतो कसा? कमी असेल." सरांनी पेन्सिल दाबली. कट्.

"कमी नाही. नाहीच. सशांना भरपूर असतो, माणसांना असतो. उंदरांना मुळातच नाही."

"कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हणतात, सर. तुम्ही सोडून."

प्रस्ताव मुळात सशांचाच होता. पण ससे महाग, जागा खाणारे, शिवाय लाथा झाडून हात ओरबाडणारे. म्हणून सरांनी एका दुपारी संगणकाला सांगून सगळीकडे सशाचा उंदीर केला. 'उंदराच्या लांब कानातल्या शिरेतून रक्त घेतले जाईल' असं एक वाक्य त्यात राहून गेलं. तज्ज्ञांच्या समितीने ते वाचलं आणि मंजुरी दिली. आणि ती इतकी वर्षं सरांचेच लेख वाचत आली होती, म्हणून हे तिलाही आत्ता कुठे कळलं होतं.

या वेळी हिसका जरा जास्त बसला. शेपटीची साल सरांच्या चिमटीत आली आणि उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर तडफडत राहिला. सरांनी त्याला अंगठ्याने दाबून संपवलं.

"कुणापाशी बोललीस?"

"नाही."

"शहाणी आहेस."

"सर, पण माझा प्रबंध? यंदा मला नक्की मोकळं करतो म्हणाला होतात."

सरांनी पेन्सिल कानावर खोचली. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"नसतो ना? मग घालू की. माणसाचा हमाल घातलेले उंदीर मिळतात. उलट बरंच झालं. नवा प्रस्ताव, नवे उंदीर. तीनेक वर्षं धर. तू आहेसच."

"घरी आई रोज विचारते, सर. काय सांगू?"

"शोध लागला म्हणून सांग." ते स्वतःच थोडे हसले. "चल, उरलेले आटप. मी जरा हात धुतो."

"आता कशाला, सर? यांच्यात काहीच निघणार नाही."

"प्रयोगाचा गट पुरा नको का? अर्धवट गट कोण छापून घेणार?"

तिने पिंजऱ्यात हात घातला. कोपऱ्यातल्या उंदराने तिच्या अंगठ्यात दात रोवले आणि सोडेचना. ती ओरडली नाही. अंगठ्याला लोंबणाऱ्या उंदरासकट तिने हात बाहेर काढला आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. उंदीर सुटला. तिने त्याला शेपटीला धरून पुन्हा आपटलं. पुन्हा. तो कधीच मेला होता, तरी ती आपटत राहिली. हातमोजा फाटला. तिचं रक्त आणि त्याचं रक्त मिळून सरांच्या चष्म्यावर उडालं. डोक्याच्या जागी काय उरलं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

ती थांबली.

सरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाकून निरखून पाहिलं.

"डोकं गेलं तर जाऊ दे," ते म्हणाले. "धमनी शाबूत आहे का बघ."

तिने कात्री उचलली, उंदीर पोटापासून वरपर्यंत चिरला, फुप्फुसं बाजूला सारली आणि आत पाहिलं.

"आहे," ती म्हणाली.