ओळीओळीला टीप

२००१च्या अखेरीस विमानं अर्धी रिकामी उडू लागली आणि विमानकंपनीनं बडोद्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं कंत्राट निम्म्यावर आणलं. वैमानिकांच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम चिटणीस आणि हसमुखभाई असे दोघे लिहीत, आता एकच परवडणार होता. साहेब म्हणाले, “चिटणीसभाई, तुमचं काम इतकं सुबक, प्रोग्रॅमच्या ओळीओळीला समजावणारी टीप, कुणीही नवखा सांभाळेल. हसमुखभाईंचा गुंता फक्त हसमुखभाईंनाच सुटतो. त्यांना कसं काढू?” चिटणीसांना पटलं. कुणावाचून अडता कामा नये, हे तत्त्व पंधरा वर्षं ते स्वतःच शिकवत होते. जागेवर येऊन त्यांनी साऱ्या टिपा पुसायला निवडल्या. एक कळ दाबायचा अवकाश, साहेब मांजलपूरला चिटणीसांच्या घरी धावत येणार होते. तेवढ्यात दिसलं, वैमानिकाच्या झोपेसाठी आठ तास का राखायचे, हे लिहायचंच राहिलंय. चिटणीसांनी पुसणं सोडून लिहायला घेतलं. शेजारून हसमुखभाई वाकले. “जरा सोपं लिहा हं, आता मलाच वाचायचंय.”