कप्तान की पोरगा

घड्या घालायचं यंत्र शनिवारी आलं आणि सोमवारी सकाळीच मुकादमाने सासरेबुवांना कपडे सुकवायच्या खोलीत बोलावून घेतलं. इस्पितळाच्या धुलाईत चादरींच्या घड्या दोन माणसं घालत, समोरासमोर उभी राहून. आता एक पुरे होता. घड्यांच्या टेबलाशी कामाला होते सासरेबुवा आणि त्यांचा जावई. दोघांतल्या कुणाला कमी करायचं ते नाव मुकादमाला दुपारच्या आत वर कळवायचं होतं, आणि त्याचा हात धजत नव्हता.

"मामा, तुमच्या घरातलं दुखणं मी कशाला अंगावर घेऊ?" तो म्हणाला. "चहाला आपल्या फुटबॉल क्लबाचा विषय निघेलच. मी विचारीन, तो कप्तान ठेवायचा की डाव्या बाजूचा पोरगा. कप्तानाला काढा म्हणालात तर तुमचं नाव देतो, पोराला काढा म्हणालात तर त्याचं. बाकी कुणाला कळायचं नाही."

मुकादम भित्रा खरा, पण चलाख. सासरेबुवा काय म्हणणार ते अख्ख्या धुलाईला पाठ होतं. वर्षभर, हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर, त्यांनी त्या चौतिशीच्या कप्तानाची सालटी काढली होती. गुडघा गेला की माणूस गेला. भावना घरी ठेवून या. तरण्या पोरांची जागा अडवू नका. कप्तानाला खेळवतो म्हणून मॅनेजरला अक्कल नाही, आणि अशा मॅनेजरला पोसतात म्हणून मालकांना तर मुळीच नाही. क्लबाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. जावयाने तर मुलगी मिळावी म्हणून तो क्लब धरला होता. त्याआधी ऑफसाइड कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

सासरेबुवा चहाला निघाले ते मनाशी ठरवूनच. लेकीला सातवा महिना होता. आपली नोकरीची दोनच वर्षं उरलेली. जावयाची नोकरी टिकायला हवी, यात विचार करण्यासारखं होतंच काय? फक्त उद्यापासून जावयाच्या जिवावर जेवायचं, एवढा एक घास घशाखाली उतरत नव्हता.

चहाला बॉयलरवाला आणि इस्त्रीवाली आधीच जुंपले होते. पंधरा वर्षं एका क्लबात घाम गाळलेल्या माणसाला असं टाकतात का, असं बॉयलरवाल्याचं म्हणणं. जावयाने त्याला मध्येच तोडलं. कमरेवर हात ठेवून, कप्तानासारखा लंगडत तो दोन पावलं चालला आणि हुबेहूब मामांच्या आवाजात म्हणाला, "गुडघा गेला की माणूस गेला. म्हाताऱ्याला घरी बसवा. नातवंडं खेळवू दे."

इस्त्रीवालीला हसता हसता ठसका लागला. सासरेबुवांच्याच शब्दांवर सगळे हसत होते, एरवी ते स्वतःही हसले असते. पण त्यांच्या डाव्या गुडघ्याला पट्टा होता. आज त्यांना ते फार लागलं.

मुकादमाने चष्मा काढून पुसला. "बोला मामा. कप्तान की पोरगा?"

"कप्तान ठेवायचा."

बॉयलरवाल्याचा कप तोंडाशीच राहिला. मामा गंमत करताहेत असं वाटून जावई हसला. पण सासरेबुवा सुरू झाले होते, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पोरगा पळतो, कबूल. पण त्याचं चित्त कुठे असतं? सुटायच्या वेळेआधी अर्धा तास घड्याळाकडे डोळे. गेल्या महिन्यात बायकोला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून दोन दिवस दांडी. पोटुशी बायको काय जगात ह्या एकट्याला आहे? आज दांड्या मारतोय, उद्या बाळ रात्रभर रडलं की मैदानात झोपेल. असली माणसं लवकर विकलेली बरी.

सगळ्यात वाईट म्हणजे, बोलता बोलता त्यांना ते पटत गेलं.

"तुला काय वाटतं रे?" मुकादमाने जावयाला विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

जावई घुटमळला. तो पोरगा त्याचा लाडका. त्याच्या नावाची जर्सी त्याने येणाऱ्या बाळाच्या मापाची आणून ठेवली होती. पण क्लबाचं मामांना जास्त कळतं, हे तो लग्नाआधीपासून मान्य करत आला होता.

"मामा म्हणतात तर असेल तसंच," तो म्हणाला. "विकून टाका."

मुकादमाने खिशातल्या चिठ्ठीवर नाव लिहिलं, उरलेला चहा संपवला आणि जिना चढून वर गेला.

टेबलावर एक गठ्ठा बाकी होता. दोघांनी पहिल्या चादरीची टोकं धरली आणि ताणली. घडी घालताना दोघांनी निम्मं निम्मं अंतर चालायचं असतं. "तुम्ही थांबा मामा, मी येतो," जावई म्हणाला, आणि गेली दोन वर्षं येत होता तसा सगळं अंतर एकटा चालत आला. आपली टोकं त्याने सासरेबुवांच्या हातात दिली. डोक्यातून तो पोरगा अजून गेला नव्हता.

"मामा, त्याची बायको पोटुशी आहे हे तुम्हाला कुठून कळलं? पेपरात तर काहीच नव्हतं."